एका प्रकरणाचं मुद्रितशोधन

सिनेमा वाईट निघावा म्हणून मी आयुष्यात एकदाच मनापासून प्रार्थना केली, आणि ती इतकी भरभरून फळाला आली की त्या दिग्दर्शकाला भेटून त्याचे हात हातात घ्यावेत असं अजूनही वाटतं. भेटणार नाही, हा भाग वेगळा. अनोळखी माणसाला भेटायचं म्हटलं की माझ्या घशाला कोरड पडते. ओळखीच्या माणसाला भेटतानाही पडते, फक्त जरा उशिरा.

या कोरडीपासूनच सगळं सुरू झालं. आमच्या मुलीने आपलं लग्न आपणच ठरवलं. मुलगा तिच्याच दवाखान्यात लोकांचे डोळे तपासतो. जन्मभर मुद्रितं तपासून माझे डोळे गेले असल्यामुळे घरात असा माणूस येतोय याचा मला आनंदच झाला होता, पण तो मी कुणाला बोलून दाखवला नाही. त्याचे आईवडील पहिल्यांदा आमच्याकडे आले. वडील वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले, आई एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. (लग्न ठरायच्या आधीच त्यांना व्याही आणि विहीणबाई म्हणणं उतावळेपणाचं आहे, पण दुसरा सोयीचा शब्द मला सापडलेला नाही. मी बराच शोधला.) दोघं कोचावर बसले. मी एक वाक्य तयार करून ठेवलं होतं, ते म्हणालो, "येताना त्रास नाही ना झाला?"

"नाही," व्याही म्हणाले.

माझं वाक्य संपलं. त्यांचंही संपलं. मग आम्ही सगळ्यांनी मिळून भिंतीवरचं घड्याळ ऐकलं. निघताना विहीणबाई इतकंच म्हणाल्या, "कळवतो."

ते गेल्यावर मुलगी माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "बाबा, त्यांना वाटलं तुम्हाला हे लग्न मान्यच नाही. नाहीतर माणूस असा दगडासारखा बसतो का?"

"मला मान्य आहे. फार मान्य आहे."

"मग ते तोंडाने म्हणायचं असतं! तो म्हणतोय की आईबाबांच्या मनात किंतु असेल तर तो घाई करणार नाही. आणि मीही करणार नाही."

हे ती शांतपणे म्हणाली, म्हणूनच मला जास्त लागलं. रडली असती तर पाण्याचा पेला तरी पुढे करता आला असता.

तोडगा हिने काढला. 'ही' म्हणजे माझी बायको. "त्यांना सिनेमाला बोलवू. अंधारात बसायचं, तीन तास कुणी कुणाशी बोलायचं नाही, आणि बाहेर पडल्यावर बोलायला आयता विषय मिळतो. तुम्ही फक्त एक करा, तिकिटं काढून आणा. तेवढं जमेल ना?"

जमेल, असं मी म्हणालो. माझ्यावर एकच काम सोपवलं की मी नेहमी असंच म्हणतो.

चित्रपटगृहाच्या खिडकीपाशी चार सिनेमांच्या जाहिराती लावल्या होत्या. एकात मोटारी उडत होत्या, एकात भुतं होती, एकात कुत्रा नायक होता. चौथीवर एक बंद दार होतं, दाराखालून दिव्याची तिरीप येत होती आणि वर सुबक अक्षरांत नाव होतं, 'तिचं शेवटचं प्रकरण'. त्याखाली लहान टाइपात, 'आणि त्यावर त्याची करडी नजर'.

मी तिथे किती वेळ उभा राहिलो कोण जाणे. एका प्रकाशनसंस्थेच्या मागच्या खोलीत मी सगळी नोकरी मुद्रितशोधक म्हणून काढली. लेखकांवर सिनेमे निघाले, चित्रकारांवर, पहिलवानांवर निघाले. मुद्रितशोधकावर कुणी दोन ओळीही लिहिल्या नव्हत्या, आणि लिहिल्या असत्या तर त्या आम्हालाच तपासाव्या लागल्या असत्या. आणि आता हे! बंद दाराआड कादंबरी संपवणारी लेखिका, तिचं शेवटचं प्रकरण, आणि त्यावर त्याची करडी नजर. ती नजर कुणाची, हे मला कुणी सांगायला नको होतं.

"सगळे मोठेच आहेत ना?" खिडकीतल्या माणसाने विचारलं.

"हो हो, फार मोठी माणसं आहेत," मी म्हणालो. "विहीणबाई तर मुख्याध्यापिका होत्या. लहान म्हणाल तर मीच काय तो."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि तिकिटं पुढे सरकवली.

त्या उत्साहात मी जे केलं ते माझ्या स्वभावाला धरून नव्हतं. मी स्वतः व्याह्यांकडे फोन लावला. विहीणबाईंनी उचलला. मी म्हणालो, "सिनेमा आमच्या धंद्यावरचा आहे. मी जन्मभर जे केलं तेच तुम्हाला पडद्यावर दिसेल."

"अरे वा," त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच ऊब आली. "मग यायलाच हवं. माणूस बोलत नसेल तर निदान काय करत होता ते तरी कळेल."

फोन ठेवला तेव्हा ही माझ्याकडे इतक्या कौतुकाने पाहत होती की मी दुसरीकडे पाहू लागलो.

हा आनंद पुढचा जिना चढेपर्यंत टिकला. जिन्यात पर्यायी भेटले. पर्यायी म्हणजे आमच्या वरच्या मजल्यावरचे गृहस्थ. आपण काहीही केलं की त्यांच्यापाशी त्याला दुसरा पर्याय असतो. तुम्ही छत्री घेतली तर ते रेनकोट सुचवतात, रेनकोट घातलात तर बाहेर जाऊच नका म्हणतात. मी सिनेमाचं नाव सांगताच त्यांनी कठडा धरला.

"होणाऱ्या व्याह्यांना घेऊन? तो सिनेमा?"

"का? एका प्रकरणावरचा आहे."

"अहो, प्रकरण म्हणजे ते प्रकरण नव्हे. ते प्रकरण!" आणि त्यांनी एक भुवई अशी काही उचलली की शब्दकोशातले चारही अर्थ माझ्या डोळ्यांसमोरून सरकले आणि शेवटचा तिथेच थांबला. "लग्न झालेली बाई, तिचं ऑफिसात कुणाशी तरी जुळतं, आणि एक विकृत माणूस रात्रंदिवस तिच्या पाळतीवर असतो. फक्त प्रौढांसाठी आहे तो!"

मी जिन्यातच बसलो. 'प्रकरण' या शब्दाला तो अर्थ आहे हे मला ठाऊक होतं. पण गेली कितीतरी वर्षं माझ्याकडे आलेलं प्रत्येक प्रकरण पानांचंच होतं. दुसऱ्या प्रकारचं कधी वाट्याला आलं नाही, आणि आलं असतं तरी मी त्यातल्या वेलांट्या पाहिल्या असत्या.

"आणि मी त्यांना सांगून बसलोय," मी पुटपुटलो, "की मी जन्मभर हेच केलं."

ही बातमी आमच्या दारापर्यंत माझ्याआधी पोहोचली. ही दारात उभी होती. "दुसऱ्यांच्या हजारो चुका काढल्यात हो," ती म्हणाली, "स्वतःची एक कशी दिसली नाही?" याचं शास्त्रीय उत्तर असं आहे की स्वतः लिहिलेलं स्वतः तपासू नये. पण ती वेळ शास्त्राची नव्हती.

पुढचा तासभर आमच्या घरात सल्ल्यांचा पाऊस पडला. पर्यायींनी एका दमात आजारपण, वीज जाणं आणि गावातल्या एखाद्या काल्पनिक मावशीचा अपघात असे तीन मार्ग सुचवले. समोरच्या वहिनींना सिनेमा रद्द करणं मुळीच पसंत नव्हतं. "आधीच ते म्हणतायत तुमच्या मनात नाही. आता बोलावून नको म्हणालात तर संपलंच," त्या म्हणाल्या. त्यांचा सल्ला युद्धनीतीचा होता. व्याही एका टोकाला, विहीणबाई दुसऱ्या टोकाला, मुलं मध्ये, आणि धोक्याचा प्रसंग जवळ आला की मी जोरात खोकायचं, हिने पर्स खाली पाडायची आणि सगळ्यांना वाकून शोधायला लावायची.

"धोक्याचा प्रसंग येतोय हे कळणार कसं?" मी विचारलं.

"बासरी वाजायला लागते," वहिनी अनुभवी सुरात म्हणाल्या.

तरी मी तिकिटं बदलून पाहायला गेलो. खिडकीतल्या माणसाने मला व्यवस्थापकाकडे पाठवलं. ते तरुण होते आणि त्यांच्यासमोर संगणक होता.

"परतावा दोनच कारणांनी मिळतो, आजोबा. खेळ रद्द झाला तर, नाहीतर पडदा फाटला तर."

"पडदा फाटण्याची कितपत शक्यता आहे?"

"नवीनच आहे."

"माझी शब्दार्थाची चूक झाली हो. प्रकरण हा शब्द..."

त्यांनी सहानुभूतीने संगणकात पाहिलं. "शब्दार्थ असं कारण यात येत नाही. आणि बदलून देऊ म्हटलं तर बाकीचे तिन्ही खेळ भरलेत. कुत्र्याचा तर पुढच्या आठवड्यापर्यंत. तुमच्याच सिनेमाला भरपूर जागा आहे."

यावरून मला काहीतरी समजायला हवं होतं. पण आशेचा किरण ओळखण्याचं काम मी कधी केलेलं नाही.

शेवटी तो दिवस उजाडला. व्याही इस्त्रीच्या शर्टात, विहीणबाई कडक साडीत, हातात वही नव्हती इतकंच. मुलगी आणि मुलगा जरा लांब उभे राहून आमच्या चौघांकडे असे पाहत होते, जणू परीक्षा आमची आणि निकाल त्यांचा. तो तसा होताही.

दारावरच्या माणसाने हात आडवा केला. "वयाचा दाखला?"

मी मागे वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं.

"तुम्हालाच विचारतोय, आजोबा. प्रौढांचा सिनेमा आहे. प्रत्येकाचा दाखला बघायचा, चेहऱ्यावरून ठरवायचं नाही, असा नवीन नियम आहे."

'प्रौढांचा' हा शब्द विहीणबाईंनी ऐकला. त्यांच्या चष्म्याची दांडी किंचित वर गेली. "म्हणजे?" त्यांनी मला विचारलं.

"मुद्रितशोधन," मी म्हणालो, "हा तसा गंभीर विषय आहे."

सगळ्यांकडे दाखला निघाला, माझ्याकडे निघेना. ही म्हणाली, "अहो, त्यांच्या डोक्याकडे तरी बघा. एक केस आहे का?"

"ते बरोबर आहे, काकू. पण सज्ञान असल्याचा पुरावा लागतो."

"तो आम्हालाही अजून मिळालेला नाही," ही म्हणाली.

व्याह्यांच्या ओठाचा कोपरा हलल्यासारखा वाटला, पण ते म्हणाले, "नियम म्हणजे नियम." अखेर विहीणबाईंनीच माझ्या हातातलं तिकीट घेऊन त्याच्यासमोर धरलं. त्यावर 'ज्येष्ठ' असा शिक्का होता. "ज्येष्ठ माणूस अज्ञान कसा असेल?" त्यांनी वर्गात विचारावं तसं विचारलं. तो माणूस आपोआप सरळ उभा राहिला आणि आम्ही आत गेलो.

आत जाताच वहिनींची युद्धनीती कोसळली. व्याह्यांचा गुडघा दुखत असल्यामुळे ते वाटेकडेच्या खुर्चीवर बसले, ही त्यांच्या पलीकडे बसली, मुलं तिच्या शेजारी, आणि मी जाऊन बसलो तो थेट विहीणबाईंच्या शेजारी. दिवे गेले. अंधारात मी देवाला म्हणालो, वाईट काढ रे बाबा. होईल तितका वाईट काढ.

सिनेमा सुरू झाला. एक बाई रस्त्याने चालली होती. तिच्यामागून एक रेनकोटवाला चालला होता. ती चालली, तो चालला. ती थांबली, तो खांबामागे गेला. खांब त्याच्यापेक्षा अरुंद होता. ती पुन्हा चालू लागली. हे इतका वेळ चाललं की मला त्यांच्या चपलांची काळजी वाटू लागली.

"यातला मुद्रितशोधक कोणता?" विहीणबाईंनी हळूच विचारलं.

"येईल," मी म्हणालो.

मग ती बाई ऑफिसात गेली. तिथे एक माणूस तिच्याकडे बघून हसला. बासरी वाजली. मी जिवाच्या आकांताने खोकलो, पलीकडे हिने पर्स टाकली, व्याही बिचारे दुखऱ्या गुडघ्यानिशी वाकले. वर येऊन पाहतात तर पडद्यावर फक्त एक दार बंद होत होतं. त्यानंतर कॅमेरा त्या दाराकडेच बघत बसला. थोड्या वेळाने पुन्हा बासरी, पुन्हा खोकला, पुन्हा पर्स, पुन्हा दार. संपूर्ण प्रकरण दाराच्या पलीकडे घडत होतं आणि आम्हाला मिळत होती ती फक्त सुतारकामाची कल्पना.

"ओ काका," मागच्या रांगेतून आवाज आला, "खोकला घरी ठेवून यायचा ना! निदान दार तरी बघू द्या!"

एवढ्यात तो रेनकोटवाला आपल्या खोलीत गेला. भिंतभर तिचे फोटो होते. त्याने खिशातून एक लाल पेन्सिल काढली आणि एकेका फोटोवर गोल काढू लागला.

विहीणबाई माझ्याकडे वळल्या. अंधारातही त्यांची नजर मला कळली. "हाच ना?" त्या म्हणाल्या.

मी लाल पेन्सिल वापरत होतो हे खरं होतं. मी खुर्चीत खाली सरकलो. लग्न मोडलं, असं मी मनाशी म्हणालो. मुलगी अशीच शांत राहील आणि आपण तिच्यासमोर पाण्याचा पेलासुद्धा धरू शकणार नाही.

आणि मग ते झालं. ती बाई घरी आली, दिवा लावला, आणि किंचाळली. संगीत एकदम थांबलं. आरशावर लालभडक अक्षरांत, पडदाभर मोठं, लिहिलेलं होतं:

'तु फक्त माझी आहेस.'

भर शांततेत कुणीतरी ओरडलं, "दीर्घ!"

तो मी होतो. मी शपथेवर सांगतो, मला ओरडायचं नव्हतं. तो हाताचा झटका तोंडातून आला होता इतकंच. पण आश्चर्य हे की तो शब्द एका आवाजात आला नव्हता. माझ्या शेजारून त्याच क्षणी, त्याच शब्दाने, कडक मुख्याध्यापकी आवाज निघाला होता.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं.

"एकाक्षरी शब्द!" विहीणबाई संतापून म्हणाल्या. "आणि एवढा मोठा आरसा असताना!"

"जागेची अडचण म्हणावी तर तीही नव्हती," मी म्हणालो.

"बाईला तरी काही वाटायला नको? किंचाळायचं ते कशाबद्दल?"

मागची रांग हसली. पुढची वळून पाहू लागली. त्यानंतर त्या रेनकोटवाल्याने मोटारीच्या काचेवर लिहिलं, 'मि येतोय', आणि आम्ही दोघं एकदमच म्हणालो, "मी दीर्घ!" तिसऱ्या धमकीला तर अख्खं थिएटर तयार बसलं होतं. तो लिहायला वाकला की लोक श्वास रोखत, आणि चूक निघाली की "दीर्घ!" असा गजर होई. जिथे भीती वाटायला हवी होती तिथे इतका आनंद पसरलेला मी क्वचितच पाहिला आहे.

शेवटाकडे प्रियकर एक भलीमोठी बॅग घेऊन जिना उतरला. आत प्रेत आहे असं संगीत सांगत होतं. तेव्हा व्याही, ज्यांच्या तोंडून माझ्यासमोर आजवर दोन-तीन शब्दांपलीकडे काही निघालं नव्हतं, ते स्पष्ट आवाजात म्हणाले, "रिकामी आहे."

"कशावरून?" मी वाकून विचारलं.

"खांदा बघा ना! एवढ्या वजनाला खांदा असा राहतो का? फसवणूक आहे सरळसरळ. मी असतो तर जप्त केली असती." आणि ते जे बोलायला लागले ते थांबेचनात. तराजू, मापं, दुकानदार, सगळं निघालं. ही पर्स मांडीवर घट्ट धरून तोंडाला पदर लावून हसत होती.

सगळं त्या बाईचं स्वप्न होतं असं शेवटी निघालं. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. दिवे लागले तेव्हा मुलगी माझ्याकडे अशा नजरेने पाहत होती की जणू तिला दुसराच कुणी बाप मिळाला आहे.

बाहेर चहाच्या टेबलावर कुणाला घड्याळ ऐकू आलं नाही. मी विहीणबाईंना 'प्रकरण' या शब्दाची सगळी हकिकत सांगून टाकली. मी स्वतः, न अडखळता! त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग चष्मा पुसत म्हणाल्या, "खरं सांगू? आम्ही त्या दिवशी घरी गेलो आणि हे म्हणाले, मुलगी छान आहे, पण तिचे वडील आपल्याला नापास करून बसलेत."

"मी?" मी म्हणालो. "मला वाटलं, तुम्ही मला."

"अहो, मी तर घाबरून गप्प होते. पुस्तकांतला माणूस, आपण काही बोललो आणि व्याकरण चुकलं तर?"

मुलाने हळूच चष्मा काढून पुसला आणि परत घातला. डोळ्यांचा डॉक्टर असूनही त्याला बहुधा समोरचं नीट दिसत नव्हतं.

घरी परतलो तर जिन्यात पर्यायी वाटच पाहत होते. "कसा होता?"

"अत्यंत भिकार," मी म्हणालो, आणि इतक्या प्रेमाने म्हणालो की त्यांना पर्याय सुचला नाही. "कथा नाही, भीती नाही, प्रकरण म्हणाल तर दाराच्या पलीकडे. तुम्ही जरूर बघा. घरच्यांना घेऊन जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी फोन घेऊन माझ्या खोलीत धावत आली. मागून ही, हात पुसत. व्याह्यांचा निरोप होता. 'आम्हा दोघांना तुमचं घर पसंद आहे. पुढचं बोलायला रविवारी येतो.'

मी वाचलं. पुन्हा वाचलं. माझा उजवा हात टेबलाच्या खणाकडे गेला. खणात लाल पेन्सिल असते.

"खबरदार," ही म्हणाली.

"मी काही म्हणालो का?"

"म्हणायला कशाला हवं? हात बघा तुमचा कुठे गेलाय."

मी हात मागे घेतला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच एक शब्द मी पाहूनही जसाच्या तसा राहू दिला, आणि आश्चर्य म्हणजे काही कोसळलं नाही. उलट इतकं हलकं वाटलं की मुलीच्या डोक्यावर हात ठेवून मी मोठ्याने म्हणालो, "मला मान्य आहे. फार मान्य आहे."

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. त्याच नंबरावरून दुसरा निरोप आला होता, पण हात दुसरा होता हे मी पाहताक्षणी ओळखलं. त्यात एकच शब्द होता.

'पसंत.'